आधी हात दाखवा

घण हे नाव काही त्याच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. आईनं ठेवलेलं नाव चांगलं मऊ, मांडीवर घेऊन जोजवण्यासारखं होतं. पण त्या नावानं कुणी हाक मारली तर त्याला स्वतःलाच दोनदा मागे वळून बघावं लागायचं. जुन्या गाड्या तोडायच्या वखारीत तो कामाला होता. मोडीत निघालेले ट्रक, टेम्पो, बसगाड्या तिथे यायच्या, आणि इतरांना दोन हातांनीही पेलणार नाही असा घण हा गडी एका हातानं फिरवून त्यांच्या बरगड्या मोडायचा. पुढे पुढे लोकांनी हत्यार आणि माणूस यांत फरक करणंच सोडून दिलं.

त्याच्या एकेक करामती सांगाव्या तेवढ्या थोड्या. घरातला नळ गळत होता. दुसऱ्या कुणी वायसर बदललं असतं. यानं नळालाच ठोसा लावला. नळ भिंतीतून उपटून आला आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली चपला हातात घेऊन चालत होती. एकदा दार फुगलं, उघडेना. यानं खांदा घालून ते पाडलं, आत गेला, आणि मग दाराच्या जागी खाट उभी करून आठवडाभर स्वतः जमिनीवर झोपला. वजनकाट्यावरच्या माणसानं एकदा चेष्टेत त्याला बैल म्हटलं. त्या बिचाऱ्याचे ओठ असे सुजले, की पुढे कितीतरी दिवस बायको त्याला चमच्यानं चहा पाजत होती.

हसू आलं ना? गल्लीलाही यायचं. चहाच्या टपरीवरच्या मावशीनं तर घणाच्या मारामाऱ्यांवर अर्धा धंदा केला. पण हाच हात घरात बायकोवर पडायला लागला की गल्लीचं हसू बंद व्हायचं आणि घराघरातून टीव्हीचे आवाज मोठे व्हायचे. दुसऱ्या दिवशी मावशी त्याच्या बायकोला विचारायची, "काय गं, काल काय पडलं?" आणि ती म्हणायची, "झाकण." सगळ्यांना कळायचं, सगळे मान हलवायचे. त्या घरात झाकणं फार पडायची.

शेवटचं झाकण खरंच झाकण होतं. जाड, पितळी. ती मशीनवर कुणाचा तरी शर्ट शिवत होती आणि शिवता शिवता एवढंच म्हणाली, की या आठवड्याचा पगार घरी पोचण्याआधी कुठल्या दुकानात बसून आला. झाकण भुवईवर बसलं. भुवई मधोमध फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, कोपऱ्यातली पोरगी भिंतीला चिकटली. बायको ओरडली नाही, रडली नाही. शर्टाची चिंधी घेऊन डोकं बांधलं, हातातली कॉलर अर्धी राहिली होती ती पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि उठली. रुसून जाणारी बाई कपड्यांची पिशवी नेते. हिनं हातगाडी बोलावून शिलाई मशीन नेलं. मावशीनं टपरीवरून ते पाहिलं आणि हातातली किटली खाली ठेवली. म्हणाली, "संपलं. मशीन गेलं म्हणजे घर गेलं."

ती गेली थोरल्या भावाकडे. भाऊ म्हणजे घणाचा मेहुणा न्हावी होता. खाली त्याचं एका खुर्चीचं दुकान, आणि दुकानातूनच वर जाणारा लाकडी जिना. माणूस फुंकर मारली तर उडेल असा. बोलणं तर असं हळू, की गिऱ्हाइकाला वाटावं कात्रीच कुजबुजतेय.

संध्याकाळी घण तिथे पोचला. दारूचा वास त्याच्या दोन पावलं पुढे चालत होता. खुर्चीत एक गिऱ्हाईक, अर्ध्या तोंडाला फेस.

"बायको कुठाय माझी?"

"दाजी, गिऱ्हाईक बसलंय. जरा हळू बोला."

हळू बोलणं घणाला कुठलं यायला! त्यानं मुठीनं भिंतीवरचा आरसा फोडला. काच खळ्ळकन तडकली, चार मोठे तुकडे चौकटीतच राहिले, बाकीचे गिऱ्हाइकाच्या मांडीवर. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यानं पळालं. मेहुणा अजून सांगतो, की झालेल्या अर्ध्या दाढीचे पैसेही त्यानं बुडवले. मेहुण्याच्या हातात मात्र वस्तरा उघडाच होता, आणि तो त्यानं मिटला नाही. भीतीनं की आणखी कशानं, ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बायको येऊन उभी राहिली. डोक्याला चिंधी. तिच्या मागे पोरगी.

घणाच्या मुठीतून रक्त गळत होतं, कपाळावर घाम आला होता. त्यानं घाम पुसायला हात वर केला. नुसता घाम पुसायला. आणि वर जिन्यावर, एवढ्या लांब, पोरीनं झटकन दोन्ही हात डोक्यावर धरले आणि ती खाली बसली.

घणाचा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "मधे अख्खा जिना आहे, तरी."

"मी शपथ घेतो. यापुढे..."

"शपथ तोंडानं घेतात. मार हातानं बसतो. हाताचं काय करणार ते सांगा." ती थोडं थांबली. "ज्या दिवशी तुमचा हात वर गेला आणि हिचे हात डोक्यावर गेले नाहीत, त्या दिवशी माझ्याशी बोला. तोवर मला तुमच्याशी शब्द बोलायचा नाही."

मेहुण्यानं वस्तरा मिटला. "हाताचं मी बघतो," तो म्हणाला. "दाजी, रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. आधी हात दाखवायचे, मग मान द्यायची. बोटांच्या गाठी फुटलेल्या दिसल्या, की त्या दिवसापासून हा जिना तुम्हाला बंद. पोरगी शाळेला इथूनच जाते. बघायची असेल तर खुर्चीत बसून बघायची."

दुसरा कुणी म्हणाला असता तर घणानं त्याला त्याच्याच खुर्चीत दुमडून ठेवलं असतं. पण पोरीचं ते खाली बसणं त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आधीच तो बाहेर उभा.

मेहुण्यानं त्याचे हात दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिले, भाजी घ्यावी तसे. मग गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, फेस लावला आणि चामडी पट्ट्यावर वस्तरा घासायला घेतला. जरुरीपेक्षा जास्त वेळ घासला. आरसा त्यानं बदलला नव्हता. त्या चार तुकड्यांत घणाला स्वतःची चार तोंडं दिसायची, आणि चारी गळ्यांवर एकेक वस्तरा. वस्तरा कानाखालून निघायचा, नरड्याच्या गाठीपाशी यायचा आणि तिथे जरासा थांबायचा. रोज थांबायचा. घणाच्या पाठीवरून घाम वाहायचा. तेवढ्यात जिना वाजायचा, दप्तर पाठीला लावलेली पोरगी भिंतीकडेनं चालत बाहेर पडायची. मान वळवायची सोय नव्हती. घण नुसते डोळे फिरवायचा.

तर आता सुधारायचं. पण कसं सुधारतात, हे त्याला कोण सांगणार? वखारीत गॅसच्या कटरनं पत्रा कापणारा एक गडी होता. काळा चष्मा तो जेवतानाही काढायचा नाही, म्हणून त्याला सगळे चष्मा म्हणत. या चष्म्याला मोबाइलमधल्या एका उपदेश करणाऱ्या मास्तरचं भारी वेड. यशस्वी पुरुषांनी पहाटे उठावं, गार पाण्यानं आंघोळ करावी, घाम गाळावा, व्यसन सोडावं, पगारातला वाटा आधी बाजूला ठेवावा, काम जोरानं नव्हे तर डोक्यानं करावं... मास्तर सांगायचा आणि चष्मा मान डोलवायचा. स्वतः मात्र दुपारपर्यंत झोपायचा. म्हणायचा, "अरे, ऐकणं हीसुद्धा एक सवयच आहे."

घणानं मास्तरचं म्हणणं घेतलं, पण घेतलं ते गचांडी धरून. सुधारणाही तो मारामारी केल्यासारखी करायचा. गार पाण्याची बादली अंगावर ओतताना पाण्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. पहाटे पळायचा तर असा, की दूधवाल्याला वाटायचं याच्यामागे पोलीस लागलेत. एकदा तर दूधवालाही घाबरून त्याच्याबरोबर पळाला. तंबाखूची डबी त्यानं घणाखाली ठेवून चपटी केली. दारूची बाटली भिंतीवर फोडली आणि मागे येताना तिच्याच काचेवर पाय दिला. मावशीनं हळद लावून पाय बांधला. "मेल्या, बाटली नुसती ठेवून दिली असतीस तरी सुटली असती की!"

"ठेवलेली सुटत नाही मावशी. फोडलेलीच सुटते."

पगार त्यानं मावशीकडे ठेवायला सुरुवात केली. मागितला तरी द्यायचा नाही, असं तिला बजावलं. दोनच दिवसांत मागायला आला, आणि तिनं नाही म्हटल्यावर टपरीचा बाक उचलून रस्त्यात आपटला. बाकाचे दोन पाय मोडले. मावशी जागची हलली नाही. म्हणाली, "आता बस कशावर बसतोस ते." संध्याकाळी तोच बाक तो खिळे ठोकून दुरुस्त करत बसला होता, आणि मावशी वर उभी राहून प्रत्येक खिळ्याला शेरा मारत होती.

कामातही चष्म्यानं त्याला नवं शिकवलं. गंजलेल्या नटाला मारलं की त्याच्या कडा जातात, मग तो कुणाच्या बापाला निघत नाही. डिझेल सोडायचं, वाट बघायची, मग पाना लावायचा. वाट बघणं! घण त्या नटासमोर उकिडवा बसायचा आणि दात खाऊन त्याच्याकडे असा बघायचा, की नट लाजेनं सुटावा. पण सुटायला लागले. अख्खे सुटे भाग निघायला लागले, मालक खूश झाला. घण नावाचं हत्यार वखारीच्या मागच्या भिंतीला टेकून गंजत पडलं आणि घण नावाचा माणूस पाना घेऊन फिरायला लागला.

हे ज्याला बघवेना तो मुकादम. घणाची दहशत होती तोवर मुकादमाला कामगारांवर ओरडावंच लागत नसे, नुसतं म्हणायचं, "सांगू का घणाला?" आता ते चालेना. मग त्यानं घणालाच टोचायला घेतलं. "काय घण्या, सासरी दाढी बरी होते ना? कापड बांधतात की बांगड्यासुद्धा भरतात?" गडी हसायचे. केव्हा फुटणार, आज की उद्या, यावर चहाच्या पैजा लागायच्या. मावशीनंही एक लावली होती. कुठल्या बाजूनं, ते ती अजून सांगत नाही.

आणि तो फुटलाही एकदा. एका ट्रक ड्रायव्हरनं बायकोवरून काहीतरी घाण बोलून दाखवलं. घणाच्या मुठी वळल्या, मग त्याला बोटांच्या गाठी आठवल्या. त्यानं हात पाठीमागे घेतले आणि कपाळ ड्रायव्हरच्या नाकावर हाणलं. नाक कडकन मोडलं, ड्रायव्हर रक्ताच्या गुळण्या टाकत मातीत लोळला. हात एकदम स्वच्छ! दुसऱ्या दिवशी घण मोठ्या ऐटीत खुर्चीत बसला आणि दोन्ही पंजे पुढे केले.

मेहुण्यानं ते पाहिले. मग कपाळावरचे केस वर सारले आणि तिथल्या टेंगळावर अंगठा दाबला. जोरात. घण विव्हळला.

"हात छान आहेत, दाजी. डोकं कुणाकडे ठेवून आला होतात?"

त्या दिवशी वस्तरा नरड्यापाशी बराच वेळ थांबला. जिना मात्र मेहुण्यानं बंद केला नाही. "तुमच्या मुठींचं ठरलं होतं," म्हणाला. "माझी चूक. उद्यापासून कपाळ, कोपर, गुडघे, सगळं बघेन." आणि खरंच बघायला लागला. सकाळी सकाळी दुकानात पँट वर करून उभा राहिलेला घण बघायला रस्त्यावर माणसं थांबायची.

मग तो दिवस आला.

वखारीत एक मोठा ट्रक तोडायला काढला होता. आता या धंद्यातला एक नियम शेंबडं पोरही जाणतं. तेलाची टाकी कापायची तर आधी ती गळ्यापर्यंत पाण्यानं भरायची. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. तेल निघून जातं, वाफ आत दबा धरून बसते, आणि कटरची ठिणगी लागली की टाकीचा बॉम्ब होतो. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मालाची गाडी दारात उभी होती आणि मुकादम ट्रकच्या केबिनमध्ये चढून आतला पंखा, रेडिओ, जे चोरता येईल ते काढत होता. तिथूनच ओरडला, "काप रे ती टाकी!"

"पाणी नाही भरलं अजून," चष्मा म्हणाला.

"रिकामीच आहे, उलटी करून बघितलीय मी. कापतोस की घरी जातोस?"

चष्म्यानं एकदा घणाकडे पाहिलं. घण दूर एका इंजिनाशी झटत होता. चष्म्यानं कटर पेटवला.

आवाज असा झाला, की टपरीवरचे पेले फुटले. घणानं वळून पाहिलं तेव्हा चष्मा हवेतून येऊन पत्र्यांच्या ढिगावर पडत होता, एक बाही पेटलेली. घणानं पोतं झडप घालून त्याच्या अंगावर टाकलं आणि स्वतः वर पडून आग विझवली. चष्म्याच्या हाताची कातडी पोत्याला चिकटून आली. चष्मा बोकडासारखा ओरडत होता. ओरडत होता म्हणजे जिवंत होता. तेवढ्यात केबिनमधून धडधड ऐकू आली. स्फोटानं ट्रक एका अंगाला कलला होता, दार दबून अडकलं होतं, खालून ज्वाळा चढत होत्या आणि आत मुकादम काचेवर तळवे आपटत होता.

घण नावाचं हत्यार मागच्या भिंतीशी होतं. जाऊन आणायला वेळ नव्हता. घणानं मुठीनं काच फोडायला घेतली. पहिल्या ठोशाला काच तडकली, दुसऱ्याला मूठ आरपार गेली. तुकड्यांतून कोपरापर्यंत हात घालून त्यानं मुकादमाची मानगूट धरली आणि पोतं ओढावं तसा त्याला खिडकीतून बाहेर ओढला. मागे केबिन भडकली.

मुकादम मातीत पडून खोकत होता. गडी धावत आले, मालक धावत आला. मुकादमाला श्वास मिळाला आणि त्या पहिल्या श्वासात तो म्हणाला, "या आंधळ्यानं केलं! पाणी भरल्याशिवाय हात लावू नको म्हणून बजावलं होतं मी!"

चष्मा शेजारीच पडला होता. भाजलेला हात छातीशी धरून.

घणाची मूठ मुकादमाच्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरी बसली, जबडा बाजूला सरकला. कुणी मधे पडेना, पडणार कोण? घणानं तिसऱ्यांदा हात वर उचलला, आणि मुकादमानं झटकन दोन्ही हात डोक्यावर धरून अंगाचं मुटकुळं केलं.

घणाला ते मुटकुळं ओळखीचं वाटलं.

हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली आला. घण तिथेच मातीत बसला आणि स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. गाठी फुटून आतलं पांढरं दिसत होतं. काच होती, रक्त होतं, आणि एका गाठीत मुकादमाच्या दाताचा टवका रुतला होता.

चष्म्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हात राहील. मावशी घणाच्या मुठी धूत होती. धुता धुता म्हणाली, "हे बघ, उद्या मेहुण्याला सांगायचं, काचेनं कापलं. खोटं कुठाय? फोडलीसच की काच. जीव वाचवलास तू माणसाचा. अख्खी वखार साक्ष देईल."

"आणि दात?"

"दात काय बोलतो होय? काढून टाकू तो."

 दात तिनं काढून टाकला.

सकाळी मेहुण्यानं फळी उघडली. घण आत येऊन खुर्चीत बसला आणि फडकी सोडून हात पुढे केले. बातमी गावभर झाली होती. मेहुण्यानंही ऐकलं असणार, पण जसं बाहेर सांगत होते तसं. आगीत उडी, माणूस वाचवला. मेहुणा त्या मुठी बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं कापड बांधलं, फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला. एका गालाची दाढी झाली. वस्तरा नरड्याच्या गाठीपाशी आला आणि थांबला.

"काच की माणूस?"

बाहेर रस्त्यावर दूधवाला सायकल टेकून ऐकत होता. एक शब्द बोलायचा होता. काच. पोरगी आता जिना उतरणार होती, रोज उतरणार होती. त्या एका शब्दावर सगळं टिकून होतं.

"आधी काच," घण म्हणाला. "मग माणूस."

"कितीदा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा उचलला होता. खाली आणला."

"खाली आणला," तो म्हणाला. आवाज तसाच हळू. "मुकादमावरचा हात खाली आणलास तू. माझ्या बहिणीवरचा कधी आणला नाहीस."

इतक्या वर्षांत मेहुण्यानं घणाला अरेतुरे केलं ते तेव्हाच. आणि वस्तरा आत गेला. खोल नाही; पण आत. फेसावर लाल रेघ उमटली, रेघेची धार झाली, पांढऱ्या कापडावर रक्त उतरायला लागलं. फुटक्या आरशाच्या चारी तुकड्यांत मेहुण्याचं तोंड दिसत होतं, आणि ते मेहुण्याचं तोंडच नव्हतं. घणानं ते ओळखलं. ते रोज त्याच्या स्वतःच्या मानेवर असायचं.

एका फटक्यात तो मेहुण्याला भिंतीत गाडू शकला असता. त्यानं खुर्चीचे दांडे धरले. इतके घट्ट, की त्यांवरचं रेक्झिन फाटलं आणि फुटलेल्या गाठींतून पुन्हा रक्त आलं. हात दांड्यांवरून उठले नाहीत.

"मामा!"

जिन्यावरून दप्तर धडधडत खाली आलं. पोरगी कधी खाली पोचली ते कुणालाच कळलं नाही. तिनं मामाच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळत दात लावले. वस्तरा फरशीवर पडला. आणि मग ती वळली, खुर्चीच्या पुढे, बापाकडे पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात आडवे पसरून.

बायको खाली आली. भुवईवर आता नुसता एक पांढरा, केस नसलेला पट्टा उरला होता. तिनं टॉवेल घेऊन नवऱ्याच्या गळ्यावर दाबला. त्याच्याशी बोलली नाही. भावाकडे वळली. तो भिंतीला टेकून स्वतःच्या मनगटावरचे दातांचे व्रण बघत होता.

"दादा," ती म्हणाली, "आता तू हात दाखव."

त्यानं लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. एकावर रक्त होतं, दाजीचं. ती ते बघत राहिली.

महिना संपायच्या आत तिनं मशीन पुन्हा हातगाडीवर चढवलं. घणाकडे गेली नाही, आणि भावाकडेही राहिली नाही. चौकाच्या पलीकडे एक खोली घेतली, रस्त्याकडे उघडणारी, आणि तिथे कपडे शिवायला बसली. मावशी म्हणाली, "दोघांनाही नापास केलं बयेनं." घणाची सकाळची खुर्ची सुटली. दाढी तो घरीच करायला लागला, आणि ठोसे मारायची सवय असलेल्या हाताला ब्लेड काही जमेना. रोज हनुवटीवर कागदाचे दोन-तीन कपटे चिकटवून तो वखारीत यायचा. चष्मा भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून बसलेला असायचा, विचारायचा, "आज कोण जिंकलं रे?"

मुकादमानं पोलिसांत तक्रार दिली होती. घणानं तिथेही सांगितलं, मारलं म्हणून. कोठडीत बसला, सुटला, मुकादमाचे दात बसवून द्यायचे कबूल केले. मावशीकडचे पैसे त्यातच गेले. मुकादमाला मालकानं काढून टाकलं होतं, पण ते मारामारीपायी नव्हे, पाणी न भरता टाकी कापायला लावली म्हणून.

आठवड्याच्या सुटीला दुपारी घण बायकोच्या खोलीवर जायचा. दार उघडं ठेवायचं, असं ठरलं होतं. न सांगता ठरलं होतं. तो उंबऱ्याच्या आत एका स्टुलावर बसायचा, मशीनला तेल घालायचं असेल तर घालायचा, ढिला झालेला पट्टा आवळायचा. तिचा शब्द नाही. पोरगी अभ्यास करायची, मधेच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

एका दुपारी भिंतीवरच्या फळीवरून कापडाचा गठ्ठा काढायचा होता. बायकोचा हात पोचेना, ती चवड्यांवर उभी राहून धडपडत होती. घण उठला. पुढे झाला. आणि विसरला. हात सरळ वर गेला, पोरीच्या डोक्यावरून.

मशीन थांबलेलंच होतं. खोलीतला सगळा आवाज थांबला. घणालाही उशिरा आठवलं. पण आता हात वर होता तो होता, खाली आणला तर आणखी वाईट. पोरीचे डोळे त्या हाताबरोबर वर चढले. तिचे दोन्ही हात वहीवरून उठले, गालांपर्यंत आले, कानांपर्यंत आले, आणि तिथे घुटमळले. मग तिनं उजव्या कानामागची बट सारखी केली, आणि वहीत पुन्हा काहीतरी लिहायला घेतलं.

घण तसाच उभा. फळीवर हात, हनुवटीवर कागदाचा कपटा.

बायको त्याच्या मागे होती.  ती खाकरली.

"तो नव्हे," ती म्हणाली. "त्याच्या खालचा. निळा."